सुटलेली फुगडी पुन्हा धरताना

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका ग्रामसंघाच्या अध्यक्ष ताईंनी केलेलं भाषण. बोलण्यातले शब्द शक्य तेवढे तसेच ठेवले आहेत.)



मघाशी वर्षाचा हिशोब वाचून झाला. कर्जाची परतफेड, व्याज, थकबाकी सगळं झालं. आता मला विषय दिलाय महिलांच्या आरोग्याचा. मी आरोग्यावरच बोलणार आहे, पण फुगडीच्या वाटेनं जाणार आहे. हसू नका. शेवटपर्यंत ऐका, मग हसा.

आधी एक प्रश्न विचारते. हात वर करायची गरज नाही, मनातल्या मनात उत्तर द्या. तुम्ही शेवटची फुगडी कधी खेळलात? भाच्याच्या वरातीत दोन पावलं टाकली, ते सोडा. पदर खोचून, घाम येईस्तोवर, हसून हसून पोट दुखेस्तोवर कधी खेळलात?

मला माझी आठवते. लग्नाच्या आधीची पंचमी होती. गावाबाहेर लिंबाला झोका बांधला होता. दिवसभर झोका आणि रात्री पारापाशी फेर. झिम्मा, पिंगा, फुगडी. मला सोळावं चालू होतं. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं आणि दसरा झाल्यावर कोयत्यावर गेले. तुम्हाला कोयता म्हणजे काय ते सांगायला नको. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल, पहाटे फडात, रात्री गाडी भरायची, आणि खाडा झाला तर पैसे कापायचे. असे चौदा हंगाम मी केले.

त्या चौदा वर्षांत कोणी मला "फुगडी खेळू नको" असं म्हणालं नाही. तरी ती सुटली. कशी सुटली, हे मी पुष्कळ दिवस शोधत होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा २०१९-२१ चा अहवाल आहे. त्यात आपल्या बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या शंभर बायांमागं चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसतं. म्हणजे ज्या वयात पोरगी खेळायची, त्याच वयात आपण तिला खेळातून उठवतो. मग लेकरं, मग कोयता, मग कर्ज. आणि मधेच कधीतरी कोणी म्हणतं, "आता काय लहान आहेस का?" तोवर आपणही तेच म्हणायला लागलेलो असतो.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे, पण बोलते. "चांगल्या घरची बाई नाचत नाही" असं आपल्याकडं म्हणतात. नाचणारी हा शब्द शिवीसारखा वापरतात. पण त्याच घरातली बाई वारीत फुगडी घालते, तेव्हा कोणी काही बोलत नाही. मुक्ताईची पालखी आपल्या बीडवरून पंढरपूरला जाते, शेगावची पालखी परळी-अंबाजोगाईकडून जाते. तिथं साठीची म्हातारी गिरकी घेते आणि लोक पाया पडतात. देवीसमोर अंगात आलं तरी कोणी अडवत नाही. मला त्यावर वाद घालायचा नाही, ज्याची त्याची श्रद्धा. मला एवढंच दिसतं, की देवाच्या नावानं बाईचं अंग मोकळं झालेलं चालतं, तिच्या स्वतःच्या नावानं चालत नाही.

आता माझी गोष्ट सांगते, म्हणजे हे सगळं का सांगायले ते कळेल.

दोन वर्षांपूर्वी पंचमीला आमच्या गटातल्या एकीच्या कॉलेजातल्या पोरीनं माझा हात ओढला. "चला ना काकू, एक फुगडी." मी म्हणलं, "सोड माय, माझं वय झालं." पण ती ऐकेना. हात धरले, तिढा घातला, पाय जुळवले. पहिला फेरा, दुसरा फेरा, आणि अंगाला सगळं आठवलं! तीस वर्षांत विसरलं नव्हतं. पाचव्या-सहाव्या फेऱ्याला मात्र लघवी सुटली. माझं मलाच कळलं. मी हात सोडवून घेतला, "चक्कर आली" म्हणाले आणि घरी निघून गेले. दार लावून रडले. त्यानंतर कोणी हात ओढला तरी मी उठले नाही.

वर्षभर मी हे कोणाला सांगितलं नाही. मग एकदा गटाच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला. आमची खजिनदार म्हणाली, "मला शिंक आली तरी लुगडं ओलं होतंय." क्षणभर सगळ्या गप्प. मग एकेक बोलायला लागली. आम्ही अकरा जणी. त्यातल्या सहा जणींना हाच त्रास होता. एकीचं अंग बाहेर येत होतं, तरी ती पाण्याचे हंडे उचलत होती. दोघींची पिशवी काढलेली. कंबर आणि गुडघे तर सगळ्यांचेच गेलेले. प्रत्येकीला वाटत होतं, हे फक्त आपल्यालाच आहे.

म्हणजे फुगडी वयानं सुटली नव्हती. दुखण्यानं आणि लाजेनं सुटली होती. वयाला इलाज नाही, पण दुखण्याला असतो. म्हणून आम्ही कामाला लागलो. त्यातून जे शिकलो ते तुम्हाला क्रमानं सांगते. वहीत लिहून घ्या.

पहिलं, लघवी सुटणं. बाळंतपणं, जड ओझं, सारखा खोकला यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होतात. ते पुन्हा बळकट करता येतात. लघवी अडवताना आपण आतून जे आवळतो, तेच आवळायचं. पाच-सहा अंक मोजायचे आणि सोडायचं. श्वास रोखायचा नाही, पोट आणि मांड्या ढिल्या ठेवायच्या. एका वेळी आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. मात्र प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करायचा नाही. भाकरी थापताना, एसटीत बसल्या बसल्या, अगदी कोपीवर झोपायच्या आधीसुद्धा होतो. कोणाला कळत नाही, पैसा लागत नाही. मला स्वतःला तिसऱ्या महिन्यात फरक कळला. पण अंग बाहेर येत असेल, लघवीला जळजळ होत असेल, किंवा अंगावरून रक्त जात असेल, तर व्यायामावर थांबू नका. आधी दवाखान्यात दाखवा.

दुसरं, रक्त. फुगडीत डोळ्यापुढं अंधारी आली की आपण म्हणतो, वय झालं. आधी हिमोग्लोबिन तपासा. गरोदर नसलेल्या बाईचं ते बाराच्या वर पाहिजे. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांमागं ५४ जणींचं रक्त कमी निघालं. म्हणजे आपल्या प्रत्येक गटात निम्म्याहून जास्त जणी. तपासणी उपकेंद्रात होते, लोहाच्या गोळ्या मिळतात. गोळी घेतल्यावर लगेच चहा पिऊ नका, गोळीचा गुण कमी होतो. लिंबू चालतं.

तिसरं, पिशवी. हा आपल्या जिल्ह्याचा दुखरा भाग आहे. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत सरकारनं सांगितलं, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायांच्या पिशव्या काढल्या. त्यातल्या पुष्कळ जणी ऊसतोडीच्या होत्या. खाडा होऊ नये म्हणून, पाळीची कटकट नको म्हणून, कोणी भीती घातली म्हणून. ज्यांची काढली त्यांनी आपला दवाखान्याचा कागद शोधून ठेवा. पिशवीसोबत अंडाशयही काढली का, ते डॉक्टरकडून वाचून घ्या. ती काढली असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात. अशा बाईनं एकदम फुगडी घालू नये, पडली तर हाड मोडेल. पण बसूनही राहू नये. चालणं, फेर धरणं, पायांवर भार घेणं यानं हाडाला बळ येतं. आणि जिला अजून पिशवी काढायला सांगायलेत, तिनं दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय "हो" म्हणू नये. हे मी हात जोडून सांगते.

आता तुमच्यातली कोणीतरी म्हणेल, "ताई, डॉक्टर सांगतात आठवड्यातून अडीच तास अंग हलवा. आमचं त्याच्या दहापट हलतं. कापूस वेचायचा, खुरपायचं, ऊस तोडायचा, वर तुमची फुगडी कशाला?" प्रश्न बरोबर आहे. मलाही पडला होता. पण विचार करा. ऊस तोडताना कंबर सारखी पुढं वाकलेली. खुरपताना तेच, कापूस वेचताना तेच. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं, तेव्हा मान दबलेली. दिवसातून एकदाही छाती उघडत नाही, पाठ मागं जात नाही. फुगडीत काय होतं? पाय जवळ, हात ताठ आणि धड मागं. कोयत्यानं जी पाठ पुढं वाकवली, ती फुगडीत मागं जाते. शिवाय कामात वेग मुकादमाचा असतो. खेळात तो आपला असतो. दमलं की थांबायचं, खाडा नाही.

आता परत सुरुवात कशी करायची ते सांगते. आमची चूक झाली ती ऐका. पहिल्याच दिवशी उत्साहात फुगडी घातली आणि एकीचा पाय मुरगळला. मग शहाणपण आलं.

पहिले पंधरा दिवस नुसता फेर. हात धरून गोल चालायचं, गाणं म्हणत. गोव्यात पौष महिन्यात बाया धालो खेळतात. समोरासमोर दोन रांगा करतात आणि गात गात पुढं मागं होतात. त्यात उड्या नाहीत, गिरकी नाही, म्हणून म्हाताऱ्या बायांनाही जमतं. आपल्या फेराचंही तसंच आहे. सासू, सून आणि नात एकाच फेरात चालतात.

मग झिम्मा. टाळी, पाऊल, वाकणं, पुन्हा सरळ. यानं श्वास वाढतो. बोलता येतंय पण गाता येत नाही, एवढी धाप पुरे. बोलताही येत नसेल तर थांबा.

फुगडी सगळ्यात शेवटी. त्याचेही नियम आहेत, लहानपणी आपल्याला कोणी सांगितले नव्हते. आपल्या वजनाची आणि उंचीची जोडीदार घ्या. काचेच्या बांगड्या काढून ठेवा. चप्पल काढा, ओल्या फरशीवर खेळू नका. साडी खोचून घोट्याच्या वर घ्या. फिरताना इकडंतिकडं बघू नका, जोडीदारणीच्या तोंडाकडं बघा. याला कारण आहे. आपल्या कानाच्या आत पाणी असलेल्या बारीक नळ्या असतात. आपण फिरलो की ते पाणी फिरतं आणि आपण थांबलो तरी जरा वेळ फिरतच राहतं, म्हणून घेरी येते. आजूबाजूचं सगळं फिरतं, पण समोरचं तोंड तेवढं जागेवर दिसतं. तिथं नजर ठेवली की घेरी कमी येते. कथक नाचणाऱ्यासुद्धा चक्कर घेताना नजर एका जागी धरतात. आणि थांबताना हळूहळू थांबा. दोघी नीट उभ्या राहिल्याशिवाय हात सोडू नका.

ज्यांचे गुडघे उभंच राहू देत नाहीत, त्यांनी काय करायचं? वाईच्या यमुनाबाई वाईकर आठवा. १९१५ चा जन्म, २०१८ साली गेल्या, वयाची शंभरी ओलांडून. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची बैठकीची लावणी नावाजलेली होती. बैठकीची लावणी म्हणजे बसून गायची आणि डोळे, मान, हात यांनीच सगळं दाखवायचं. बसलेली बाईसुद्धा नाचते, हे त्यांच्याकडं बघून कळतं. आणि ज्यांच्या कामाला समाजानं नावं ठेवली, त्यांनाच देशानं मान दिला, हेही लक्षात ठेवा. आमच्या गटात एक आजी खुर्चीवर बसून टाळ्या आणि हातांचा झिम्मा घालते. तिच्या खांद्याचं दुखणं कमी झालं असं ती सांगते. मी डॉक्टर नाही, पण ती आता न बोलावता येते, एवढं मी बघायले.

आता शेवटची गोष्ट. ही माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागली.

आम्ही खेळ सुरू केला तेव्हा हळदीकुंकवाला जोडून ठेवला होता. अकरापैकी दहा जणी यायच्या. एक जाऊबाई दाराशी बसायच्या. त्यांचे मालक सात वर्षांपूर्वी गेले. कर्जापायी गेले, तुम्हाला समजलं असेल. मी त्यांना म्हणाले, "या ना आत." त्या म्हणाल्या, "तुम्ही खेळा, मी चपला बघते." मी खूप आग्रह केला. त्या नाहीच उठल्या.

नंतर एकदा दोघीच असताना त्यांनी मला सांगितलं, "तू बोलावतीस हे खरं. पण आधी ताट फिरतं, सगळ्यांना कुंकू लागतं, मला सोडून ताट पुढं जातं, आणि मग तू म्हणतीस या खेळायला. त्या ताटानंतर माझे पाय कसे उठतील? खेळ आपल्या बचतीच्या दिवशी ठेव. बचतीच्या बैठकीला मी हक्कानं येते. माझे पैसे पण तेवढेच आहेत."

किती साधी गोष्ट होती! आणि आम्हाला सुचली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनंही सगळ्या गावांना तसं करायला परिपत्रक काढलं. कागद झाला, चांगलं झालं. पण कागदानं दाराशी बसलेली बाई आत येत नाही. आम्ही दिवस बदलला तेव्हा ती आली. महिन्याच्या पाच तारखेला, बचत गोळा झाली, सह्या झाल्या, रजिस्टर मिटलं की खेळ. पहिल्या दिवशी जाऊबाईंनी नुसता फेर धरला. चौथ्या महिन्यात त्यांनी आणि मी फुगडी घातली. लहानपणी त्या एका हाताची फुगडी घालायच्या म्हणे. मला चारी मुंड्या चीत केलं बाईनं!

घरच्यांचा विरोध झाला का? झाला. माझ्या आत्याबाई म्हणाल्या, "या वयात थेरं सुचायलेत." मी वाद घातला नाही. पुढच्या महिन्यात त्यांनाच घेऊन गेले. आता त्याच जुनी गाणी सांगतात, आम्हाला येत नव्हती ती. पण एका गोष्टीचा त्रास खरंच झाला, मोबाईलचा. कोणीतरी व्हिडिओ काढला आणि तो गावभर फिरला. एकीच्या घरी भांडणं झाली. तेव्हापासून नियम केला, खेळाच्या वेळी सगळे मोबाईल पेटीत. ज्या पेटीत बचतीची पुस्तकं असतात, त्याच पेटीत.

मायबहिणींनो, फुगडीनं उचल फिटत नाही, आणि पाऊसही पडत नाही. मी तसं सांगायला आलेले नाही. पण आम्ही खेळायला लागलो म्हणून सहा जणींनी आपलं दुखणं तोंडानं सांगितलं. अंग बाहेर येणारी बाई तालुक्याला जाऊन दाखवून आली. तिची पिशवी काढावी लागली नाही, आतून आधार द्यायची कडी बसवली. खेळ नसता तर हे बोलणंच निघालं नसतं.

म्हणून माझी प्रभागसंघाला एकच मागणी आहे. ठराव लिहून घ्या. प्रत्येक गटाच्या महिन्याच्या बैठकीनंतर अर्धा तास खेळाचा. हळदीकुंकवाला न जोडता. मोबाईल पेटीत. आणि जी दाराशी बसते, तिला तिच्या न येण्याचं कारण एकटीत विचारायचं, चारचौघीत नाही.

पंचमीला अजून दीड महिना आहे. तोवर फेर आणि झिम्मा होईल. आवळायचा व्यायाम आजपासून सुरू केला तर दसऱ्याच्या आसपास तीन महिने भरतात. कोयते निघायच्या आधी प्रत्येक गावात एक तरी फुगडी झाली पाहिजे. आणि ज्यांच्या घरात बारा-पंधराची पोरगी आहे, तिला त्या फेरात आणा. तिला खेळातून इतक्यात उठवू नका.

माझं बोलणं झालं. मंडपाच्या मागं मैदान मोकळं आहे, जमीन कोरडी आहे, मी सकाळीच बघून ठेवली. चहा झाला की तिकडं या. बांगड्या काढा, पदर खोचा. आज फक्त फेर.